कडक झालेलं सील: चामडं, गंधक आणि आमची एट हंड्रेड

आजचा भाग जरा तेलकट आहे. म्हणजे खरंच तेलकट. हे रेकॉर्ड करताना माझ्या नखांत अजून इंजिन ऑइल आहे, आणि तीन वेळा साबण लावूनही ते जात नाहीये. इतिहासाच्या पॉडकास्टवर इंजिन ऑइल कुठून आलं, असं वाटत असेल तर थोडं थांबा. सांगतो.

आमच्याकडे कोल्हापुरात १९९९ सालची मारुती एट हंड्रेड आहे. बाबांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी बालवाडीत होतो. गेल्या पावसाळ्यापासून दारातल्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग दिसायला लागला. दिवाळीपर्यंत तो बशीएवढा झाला. गॅरेजवाला खाली वाकून बघून म्हणाला, क्रँकचं पुढचं ऑइल सील गेलंय. सील चहा-नाश्त्याच्या पैशात येतं, पण तिथपर्यंत पोचायची मजुरी मोठी. बाबांनी आकडा ऐकला आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "पासिंग जवळ आलंय. त्याआधी भंगारात देऊन टाकू." आणि मग जेवताना एक शब्द बोलले नाहीत. ज्या माणसानं वीस वर्षं दर रविवारी ती गाडी स्वतः धुतली, तो असा गप्प बसला की घरात कोणाच्याच घशाखाली घास उतरत नाही.

म्हणून मी म्हटलं, मी बदलतो. घरीच.

आधी थोडं समजून घेऊ की सील करतं काय. इंजिनाच्या पोटात क्रँकशाफ्ट फिरतो. गाडी नुसती उभी असली तरी मिनिटाला आठ-नऊशे फेरे. त्याचं एक टोक पुली फिरवायला बाहेर यावं लागतं. आत तेल, बाहेर रस्ता, आणि मधल्या भोकातून फिरता दांडा बाहेर आलेला. तेल आतच राहिलं पाहिजे आणि दांडा मात्र मोकळा फिरला पाहिजे. हे काम करते एक रबराची पातळ ओठासारखी कड. तिच्या मागे एक बारीक गोल स्प्रिंग असते, ती त्या ओठाला दांड्यावर हलकेच दाबून धरते. गंमत म्हणजे तो ओठ दांड्याला पूर्ण टेकलेला नसतोच. मधे तेलाचा अगदी पातळ पापुद्रा असतो, आणि चांगलं सील बाहेर निघालेलं तेल परत आत ढकलत राहतं. म्हणजे ते बूच नाहीये. तो एक छोटासा पंप आहे.

आणि हा ओठ कडक झाला की संपलं. घरातलं उदाहरण देतो. कुकरची रिंग कडक झाली की शिट्टी होत नाही, बाजूनं फुसफुस होते, आणि आई म्हणते, रिंग बदल. तसंच.

तर कामाला लागलो. गाडी पुढून उचलली, खाली लोखंडी स्टँड लावले. हे कळकळीनं सांगतो, नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली डोकं घालू नका. बॅटरीची वायर काढली. बेल्ट काढला. मग पुलीचा मधला बोल्ट. हा बोल्ट असा हटवादी की पाना लावला की सगळं इंजिनच फिरायला लागतं. उपाय सोपा आहे: गाडी टॉपच्या गिअरमध्ये टाकायची आणि कोणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायचा. पण 'कोणीतरी' म्हणजे बाबा. ते आले, काही न बोलता आत बसले, ब्रेक दाबला. मी पान्यावर पाइप चढवून सगळा जोर लावला. बोल्ट असा कडाडला की मला वाटलं तुटलाच. तुटला नव्हता, सैल झाला होता. बाबा उतरून आत गेले. तेव्हाही काही बोलले नाहीत.

कव्हर काढलं तर टायमिंग बेल्ट तेलानं ओलाचिंब. हा बेल्ट तेलात भिजत राहिला की कुजतो, आणि तुटला की गाडी जिथे असेल तिथे बंद. म्हणजे तो डाग फक्त फरशी खराब करत नव्हता. खुणा जुळवून, त्यांचे फोटो काढून बेल्ट उतरवला, मागचं दातेरी चाक ओढून काढलं, आणि समोर ते सील.

मी नखानं दाबून बघितलं. दगड. रबर असं नावालाच. पेचकस घालून उचकटायला गेलो तर बिस्किटासारखे तुकडे पडले. मऊ म्हणून बनवलेली वस्तू पंचवीस वर्षांत बेकलाइटसारखी झाली होती.

आजी कट्ट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "तेलात घाल की रात्रभर. स्टोव्हचा वायसर मी तसाच मऊ करायची."

मी हसलो. पण आजी अगदी चुकीचं बोलत नव्हती. ती फक्त नव्वद-शंभर वर्षं मागचं बोलत होती. तुमच्यापैकी कोणी रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह बघितलाय का? किंवा सायकलला हवा मारायचा जुना पंप? त्याच्या दांड्याच्या टोकाला चामड्याची वाटी असायची. ती वाळली की हवा धरायची नाही. मग दोन थेंब तेल सोडायचं, चामडं फुगायचं, मऊ पडायचं, पंप चालू. पहिल्या मोटारगाड्यांची सीलं याच घराण्यातली होती.

त्याच्याही मागे गेलात तर बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि त्यातलं वंगण. तिथे गळती थांबवायचा प्रश्नच नव्हता. गळायचंच, म्हणून गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, आणि गाडीवान मधेमधे थांबून पुन्हा भरायचा. सुरुवातीच्या मोटारीही साधारण याच विचाराच्या होत्या. तेल गळणार, आपण ओतत राहायचं. काही इंजिनांत क्रँकच्या मागच्या बाजूला चक्क दोरी असायची, ग्रॅफाइट लावलेली अॅस्बेस्टॉसची दोरी, आणि ही पद्धत अमेरिकन गाड्यांत तर विसाव्या शतकात बऱ्याच उशिरापर्यंत टिकली.

आता इथे एक कोडं आहे. कार्ल बेन्झनं मोटारीचं पेटंट घेतलं १८८६ साली. टिकाऊ रबर त्याच्याही चाळीस-एक वर्षं आधी आलेलं होतं. मग मोटारीत फिरत्या दांड्याभोवती चामडं आणि दोरी कशाला? सरळ रबर का नाही लावलं?

यासाठी चार्ल्स गुडइयर या माणसाकडे जावं लागतं. हा माणूस म्हणजे कर्जबाजारीपणाचा विक्रम. त्या काळच्या रबराचा त्रास असा, की उन्हाळ्यात ते वितळून चिकट व्हायचं आणि थंडीत लाकडासारखं ताठ. गुडइयरनं अमेरिकन पोस्टाला रबराच्या थैल्या करून दिल्या, त्या उकाड्यात खराब झाल्या. कर्जापायी तो तुरुंगात जाऊन आला. बायको-मुलं उपाशी, आणि हा घरातल्या भांड्यांत रबर शिजवतोय. १८३९ साली गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या स्टोव्हला लागलं, आणि वितळायच्या ऐवजी ते चामड्यासारखं चिवट झालं, अशी ती गोष्ट सांगतात. अमेरिकन पेटंट मिळालं १८४४ मध्ये. तोपर्यंत इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनं गुडइयरच्या रबराचे नमुने बघून तिकडचं पेटंट मारलं होतं. १८६० साली गुडइयर वारला तेव्हाही डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज. आणि ती प्रसिद्ध टायर कंपनी? तिचा याच्याशी काहीएक संबंध नाही. ती १८९८ साली निघाली, नाव फक्त याच्या आठवणीत दिलं.

गंधक काय करतं ते नीट ऐका, कारण माझ्या सीलचं उत्तर तिथेच आहे. रबराचे रेणू म्हणजे शेवयांसारखे लांब धागे. नुसते असले की एकमेकांवरून घसरतात, म्हणून रबर चिकट होतं. उष्णतेत गंधक या शेवयांना मधे मधे गाठी मारतं. मग ताणलं तरी ते परत जागेवर येतं. थोड्या गाठी म्हणजे रबरबँड. खूप जास्त गंधक घालून भरपूर गाठी मारल्या की तयार होतं एबोनाइट. आजोबांच्या काळ्या फाउंटन पेनचं, कंगव्याचं ते कडक मटेरियल. तेही रबरच!

माझ्या सीलचं काय झालं होतं? कारखान्यात ज्या गाठी मारून ते थांबवलं होतं, ते काम इंजिनाच्या उष्णतेनं पंचवीस वर्षं हळूहळू पुढे चालू ठेवलं. गंधकाच्या जोडीला हवेतला ऑक्सिजन आला, त्यानं आणखी गाठी मारल्या. रबर मऊ ठेवायला घातलेली द्रव्यं गरम तेलात निघून गेली. थोडक्यात, माझं सील कंगवा व्हायच्या वाटेवर होतं. आणि म्हणूनच आजीचा उपाय चामड्याला लागू पडतो, याला नाही. वाळलेलं चामडं तेल पिऊन परत मऊ होतं. रबरातल्या गाठी सुटत नाहीत.

मग कोड्याचं उत्तर? झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराला खनिज तेल सोसत नाही. तेल पिऊन ते फुगतं, लिबलिबीत होतं. म्हणजे जगात सगळीकडे रबर होतं, टायरमध्ये होतं, पण जिथे तेल तिथे ते निकामी. म्हणून चामडं.

आता गोष्ट जर्मनीत जाते. वाइनहाइम गावात फ्रॉइडेनबर्ग नावाचा चामड्याचा मोठा कारखाना होता, १८४९ पासूनचा. १९२९ ला जागतिक मंदी आली, चामड्याचा बाजार बसला. त्यांनी उरलेल्या चामड्याची मोटारींसाठी सीलं करायला सुरुवात केली. तिथे वाल्टर झिमर हा ऑस्ट्रियन इंजिनिअर होता. त्यानं चामड्याची कड, धातूची चौकट असं तयार, एकसंध सील बसवलं. जर्मन भाषेत आजही अशा सीलला त्याच्या नावावरून 'झिमररिंग' म्हणतात. १९३६ मध्ये याच सीलमध्ये चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं, आणि आपण आज जे सील दुकानातून आणतो त्याचा आराखडा जवळजवळ पक्का झाला.

ते कृत्रिम रबर म्हणजे नायट्राइल. तेलाला दाद न देणारं. जर्मनीत आयजी फार्बेन या कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० च्या आसपास ते तयार झालं. त्याचं जुनं नाव बुना-एन.

'बुना' हा शब्द उच्चारला की मला थोडं थांबावंसं वाटतं. हिटलरला युद्धासाठी रबर हवं होतं, आणि रबराची झाडं लांब आशियात, शत्रूच्या ताब्यात. म्हणून कोळशापासून रबर. टायरसाठी लागणाऱ्या बुना रबराचा अजस्र कारखाना आयजी फार्बेननं ऑशविट्झजवळ मोनोविट्झला बांधायला घेतला, आणि कामाला छळछावणीतले कैदी लावले. १९४२ मध्ये तिथे खास कामगारांसाठी छावणीच उभी राहिली. हजारो माणसं त्या बांधकामावर मेली. प्रिमो लेव्ही हा इटालियन केमिस्ट तिथूनच जिवंत परत आला आणि पुढे त्यावर लिहिता झाला. सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट ही, की त्या कारखान्यातून बुना रबर कधी बाहेर पडलंच नाही. फ्रॉइडेनबर्ग कंपनीही त्या काळात स्वच्छ नव्हती; ज्यू मालकांचे व्यवसाय तिनं घेतले, आणि या सगळ्याचा अभ्यास नंतर तिनं स्वतःच इतिहासकाराकडून करून घेतला. हातातल्या काळ्या रिंगेकडे बघताना हे सगळं डोक्यात येतं. माझ्या तरी येतं.

तिकडे अमेरिकेत दुसरंच चाललं होतं. नील्स क्रिस्टेन्सन, डेन्मार्कमधून १८९१ साली आलेला यंत्रकारागीर, ट्रामच्या एअर ब्रेकवर काम करणारा. त्यानं एक साधी गोल रबरी रिंग खाचेत बसवून बघितली. ओ-रिंग! १९३७ साली पेटंटचा अर्ज केला तेव्हा वय बहात्तर. युद्ध आलं, सरकारनं हा शोध देशासाठी महत्त्वाचा म्हणून सगळ्या कारखान्यांना खुला केला. त्याच्या वारसांना उरलेले पैसे मिळाले १९७१ साली, तो गेल्यावर एकोणीस वर्षांनी.

बरं, परत माझ्या दारात येऊ, कारण तिथे मी एक घोळ घातला होता.

रबर तुकडे होऊन निघालं, पण त्याची लोखंडी चौकट भोकात घट्ट बसलेली. यासाठी बरोबर युक्ती अशी: चौकटीला समोरासमोर दोन बारीक भोकं पाडायची, ड्रिल आत जास्त जाऊ द्यायचं नाही, भोकात स्क्रू अर्धवट पिळायचे आणि पक्कडीनं स्क्रू धरून थोडं इकडून, थोडं तिकडून ओढायचं. मी हे व्हिडिओत बघितलंही होतं. पण संध्याकाळ झाली होती, डास चावत होते, आणि मला वाटलं एक शेवटचा झटका मोठ्या पेचकसनं देऊ. पेचकस सटकला. सील निघालं, पण क्रँकच्या चकचकीत अंगावर एक आडवा ओरखडा उठला.

केसाएवढा. मी बाबांना सांगितलं नाही. नवीन सीलच्या ओठाला तेल लावलं, त्याच मापाचं सॉकेट मागे धरून हलक्या हातानं ठोकत बसवलं, नवा टायमिंग बेल्ट चढवला, सगळं जोडलं. गाडी चालू झाली. दोन दिवस फरशी कोरडी. तिसऱ्या दिवशी सकाळी रुपयाएवढा डाग.

बाबा डागाकडे बघत उभे होते. मग मी सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मग काल का नाही बोललास?" आणि चपला घालून म्हणाले, चल.

शिवाजी उद्यमनगरात बाबांच्या ओळखीचे एक लेथवाले मिस्त्री आहेत. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको; लेथ, फौंड्री, इंजिनाचं काम, सगळं तिथे. मिस्त्री गाडी उघडेपर्यंत काही बोलले नाहीत. मग बॅटरी मारून बघितलं आणि पहिला प्रश्न माझ्या ओरखड्याबद्दल नव्हताच. "ब्रीदर बघितला काय रे?"

नव्हता बघितला. इंजिनाच्या पोटात गॅस साठतो, तो बाहेर जायला एक नळी असते. आमची चिकट काळ्या गाळानं चोंदलेली होती. वाफ कोंडली की दाब वाढणार, आणि दाब जिथे कमजोर जागा तिथून तेल ढकलणार. मी नवंकोरं सील लावून परत त्याच दाबापुढे उभं केलं होतं. मिस्त्रींनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. जुन्या ओठानं क्रँकवर एक बारीक गोल चर पाडली होती. मऊ रबरानं पोलाद झिजवलेलं! धूळ आणि कडकपणा एकत्र आले की ओठ कानशीसारखा होतो.

ओरखड्यावर त्यांनी बारीक पॉलिश पेपरची पट्टी तेलात भिजवून दांड्याभोवती गोल गोल फिरवली. लांबीच्या दिशेनं एकदाही नाही, कारण त्या दिशेची प्रत्येक रेघ म्हणजे तेलाला बाहेर यायला पन्हाळी. बराच वेळ फिरवून नख लावलं, अडकलं नाही. नवीन सील त्यांनी आधीच्या जागेपेक्षा किंचित बाहेर ठेवायला सांगितलं, म्हणजे ओठ जुन्या चरीवर न बसता ताज्या जागेवर बसेल. आणि सील या वेळी तपकिरी रंगाचं आणलं, फ्लोरो रबरचं.

या तपकिरी रबराचीही गोष्ट आहे, आणि मला ती विलक्षण वाटते. ड्यूपाँटनं ते १९५७ साली व्हायटन नावानं आणलं. नायट्राइल सतत शंभर अंशांच्या आसपास राहिलं की म्हातारं व्हायला लागतं, हे दोनशेला टिकतं. पण उष्णता सोसणारं हे रबर थंडीत ताठरतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उडालं तेव्हा फ्लोरिडात तापमान दोन अंशांच्या आसपास होतं. बूस्टरच्या जोडातल्या ओ-रिंग याच जातीच्या रबराच्या. आदल्या रात्री इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत उडवू नका. ऐकलं नाही. सात अंतराळवीर गेले. नंतर चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी टीव्ही कॅमेऱ्यांसमोर ओ-रिंगचा तुकडा शिकंज्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढला, आणि दाखवलं की तो लगेच पहिल्या आकारात येत नाही. झालं. एवढंच. आणि ते बूस्टर बनवणारी थायोकॉल कंपनी मुळात सुरू कशी झाली होती? १९२० च्या दशकात सापडलेल्या, तेलाला टिकणाऱ्या एका वासमाऱ्या कृत्रिम रबरापासून.

आपल्याकडे कोल्हापुरात तशी थंडी पडत नाही, आणि गाडीचं सील थंडीत थोडं ताठरलं तरी इंजिन तापलं की परत मऊ येतं. तेव्हा काळजी नसावी.

सील ठोकायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी हातोडी माझ्याकडे दिली. माझा हात थरथरत होता. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली, सॉकेट धरायला मला सांगितलं, आणि टक, टक, टक, चारी बाजूंनी सारखं ठोकत सील बसवलं. त्यांना हे येतं हे मला माहीतच नव्हतं. परत येताना गाडी तेच चालवत होते. रंकाळ्याजवळ सिग्नलला म्हणाले, "तरुणपणी दोन वर्षं गॅरेजात होतो मी. आजीला विचार." आजीला विचारलं, तर ती म्हणाली, म्हणून तर घरात स्टोव्हचे वायसर कधी कमी पडले नाहीत.

आज अकरावा दिवस. रोज रात्री मी गाडीखाली पुठ्ठा सरकवतो आणि सकाळी बाबा माझ्या आधी उठून तो बघतात. पुठ्ठा कोरडा आहे. पासिंगची तारीख घेतली आहे.

फक्त एक गोष्ट राहिलीय. सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, मग थांबतो. म्हणजे वरच्या व्हॉल्व्हची सीलं. तीही पंचवीस वर्षांचीच. बाबा म्हणतायत पुढच्या रविवारी हेड उघडू, आणि या वेळी ड्रिल तेच धरणार आहेत.